काठीच्या टोकाचं पाणी

आप्पा, तुमची टाकी परवा वर आली. कापसाच्या जिनात वीज आली, तुमचं इंजिन भंगारात गेलं, मग त्याच्या तेलाची जमिनीतली टाकी तरी कशाला ठेवायची म्हणून शेठनं ती उपसायला लावली. साखळ्या लावून आडवी केली तेव्हा बुडाला भोक दिसलं, करंगळी जाईल एवढं. सगळ्यांनी वाकून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण म्हसावदच्या रस्त्यावरच्या या जिनात इंजिन म्हटलं की अजून तुमचाच विषय निघतो.

शेठ म्हणाला, कॉलेज केलंयस, तेल मातीत कुठवर गेलंय ते बघ. कॉलेजात मी काय केलं ते मलाच धड सांगता येत नाही. सुरुवात नसलेल्या कथा लिहितो, मासिकं त्या परत पाठवतात. रिकामाच होतो, म्हणून हो म्हटलं. अंतर मोजायला तुमचीच काठी घेतली, खाचा पाडलेली, जी तुम्ही रोज सकाळी टाकीत बुडवून तेल किती ते बघायचात. कुंपणापलीकडे मावशीची विहीर आहे ना, त्या दिशेनं दर पाच पावलांवर कमरेएवढा खड्डा. आपली माती काळी, तिच्यात तेलाचा डाग दिसत नाही. ढेकूळ घ्यायचं, हुंगायचं, मग ग्लासातल्या पाण्यात फोडायचं आणि वर रंगीत तवंग येतो का बघायचं. चार ढेकळं झाली की नाक बंद पडतं. मग उठून लांब जायचं, उगाच उभं राहायचं, परत यायचं. दोन दिवस हेच करतोय. हात धुतले तरी भाकरीला वास येतो.

मावशी वांग्यांच्या वाफ्यात उभी राहून बघते. "काय रे भाऊ, कॉलेजमा माती हुंगाले शिकाडतस का?"

मी हसलो. तीही हसली, पण खड्ड्यावरून नजर काढेना. तिचं रान कुंपणापासून रस्त्यापर्यंत, तेवढंच. तेल जुन्या विहिरीपाशी थांबलं असेल तर नवी विहीर खणायला जागा उरते. पुढे गेलं असेल तर मिरची नाही, वांगी नाही, काहीच नाही.

खणताना मला कॉलेजातली ती दिवाळीची सुट्टी आठवते. तुम्ही काठी वर काढता, म्हणता, काल इंजिन बंद होतं, तेल कालच्याच खाचेवर आहे, टाकी पक्की. मी काठी पुसायला घेतो. टोकाला वीतभर तेल नाहीच, पाण्याचे थेंब आहेत. मी म्हणतो, आप्पा, खाली पाणी आहे. तेल खालून जातंय, जमिनीतलं पाणी आत येतंय, तेल त्याच्यावर तरंगतंय, म्हणून काठी तेवढीच भिजते. तुम्ही काठी माझ्या हातातून ओढून घेता. "वीस वरीस व्हयनात, काठी मीच वाचस. तू तुन्हं पुस्तक वाच."

त्याच सुट्टीत मावशी तांब्या घेऊन इंजिनघरात आली. "पानीले वास येस." सगळे जमले. तुम्ही तांब्या घेतला आणि उभ्यानं सगळा रिकामा केला. "गोड शे," म्हणालात. मग माझ्याकडे बघितलंत. मी इंजिनाच्या पट्ट्याकडे बघत राहिलो. त्या दिवशी तुम्ही घरी जेवला नाहीत, आईनं विचारलं तर पाठ फिरवून पडून राहिलात. आणि मावशी तुमच्या शब्दावर ते पाणी पीत राहिली, तिची सूनही, नातवंडंही, विहिरीवर तवंग डोळ्यांना दिसेपर्यंत. त्यानंतर ती धानोऱ्याच्या पाहुण्यांना सांगायची, मिस्तरीनं स्वतः पिऊन दाखवलं होतं. रागानं नाही सांगायची. तेच ऐकवत नाही.

तेल विहिरीपाशी थांबलेलं नाही. पुढे तीन खड्ड्यांपर्यंत वास आहे. चौथा रस्त्याकडेच्या निंबाखाली, तिथं ग्लासातलं पाणी नुसतं गढूळ झालं. मी दोनदा बघितलं, नाक धुऊन तिसऱ्यांदा. मावशीला सांगितलं, नव्या विहिरीला एवढीच जागा आहे.

"निंब तोडना पडी मंग," ती म्हणाली. त्याच्या सावलीत ती रोज भाकरी खाते. तिनं बुंध्यावर हात टेकला. मग विचारलं, "खरं सांग भाऊ, त्या टायमाले कोनलेच माहीत नव्हतं का?"

मी काठीला लागलेली माती खरवडत होतो. म्हटलं, "नाही मावशी, कोणालाच."

घरी आल्यावर खड्ड्यांच्या नकाशामागे हे लिहायला बसलो. तुमची लाज राखली असं लिहायचं मनात होतं. पण तुम्हाला आता कसली लाज. माहीत असलेल्या दोघांतला एकच उरलाय, तो पट्ट्याकडे बघत होता, आणि आजही त्यानं तेच केलं. नकाशा उद्या शेठला द्यायचा आहे. मागचं हे त्यानं वाचू नये म्हणून पुढची बाजू आत्ता दुसऱ्या कागदावर उतरवून घेतोय.