दोन आणि सहा यांच्या मधले चार

प्रिय बाबा,

आज वर्गात मी मुलांना आलेखावरून लिमिट शिकवलं, आणि घरी आले तर ओसरीवर काका बसलेले. तुम्ही गेल्यापासून रडायलासुद्धा सवड झाली नव्हती. आज सरळ राग आला. म्हणून लिहिते आहे.

वाडीच्या शाळेत चौथीपर्यंत माझे मास्तर तुम्हीच होतात. गणित तर बारावीपर्यंत तुमच्याकडेच. आलेखाच्या रेघेवर डावीकडून एक बोट ठेवायचं, उजवीकडून दुसरं, आणि हळूहळू जवळ आणायची. बोटं एकाच उंचीवर भेटली की ते लिमिट. किती छान शिकवलंत! मग तो आलेख आला. डावीकडची रेघ दोनाच्या उंचीला पोचत होती, उजवीकडची सहाच्या. मी म्हटलं, बोटं भेटतच नाहीत.

तुम्ही म्हणालात, "चार लिही गो. दोघांचोय मान रवतलो." दोघांचाही मान राखायचा, हा तुमचा नेहमीचा न्याय.

कॉलेजच्या चाचणीत मी चार लिहिलं. सरांनी ते मोठ्याने वाचलं. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "वाडीची पंचायत बसलेली काय गो पेपरात?" बरोबर उत्तर होतं, लिमिट अस्तित्वात नाही. घरी येऊन सांगितलं, तर तुम्ही काय विचारलंत?

"मगे अर्धे मार्क तरी दिल्यान काय?"

वाडीतली भांडणं तुम्ही मिटवायचात याचा मला अभिमान होता. पण घरात? आईने लावलेली काजूची कलमं काकांनी मागितली, सगळीच. तुम्ही मधून कुंपण घातलंत. मला पुण्याला शिकायचं होतं, काका म्हणाले मुलीला घरीच ठेव. तुम्ही मला जवळच्याच कणकवलीच्या कॉलेजात घातलंत. काका सगळं मागायचे, कारण अर्धं मिळणार हे त्यांना माहीत असायचं. तुम्हाला हे दिसत नव्हतं? की दिसत होतं?

आज एका मुलीने विचारलं, "मॅडम, मधे चारावर ठिपको काढलेलो असलो तर?" मी म्हटलं, ठिपका ही त्या जागेची किंमत. लिमिट विचारतं, रेघा कुठे चालल्यात. त्या ठिपक्याकडे एकही रेघ येत नाही. बाबा, तुम्ही जन्मभर त्या ठिपक्यावर बसलात, आणि आम्हालाही बसवलंत!

खोटं नको म्हणून हेही लिहिते. एम.एस्सी.ला एक प्रकरण होतं, त्यात रेघ अशी उडी मारते त्या जागी एका अनंत बेरजेची किंमत खरंच बरोबर मधली येते. तेव्हा वाटलं, धावत येऊन तुम्हाला सांगावं. पण त्या आलेखाचं लिमिट तिथेही नसतंच.

पुण्यात पीएच.डी.साठी माझी निवड झाली आहे. काका त्यासाठीच आले होते. "बापाशीचा वर्स झाला नाय अजून. आवशीक एकटीक सोडून जातलंस? एक वर्स थांब, मगे बघू. तुझोय मान, माझोय मान."

तुमचंच बोलणं, त्यांच्या तोंडी.

ते गेल्यावर आई चुलीपाशी म्हणाली, "तुझ्या बापाशीन माका कधी इचारल्यान नाय. तू तरी इचार."

मी विचारलं. "जा," म्हणाली. मागे वळूनही बघितलं नाही.

उद्या मी काकांना स्पष्ट 'नाही' म्हणून सांगणार आहे. सहा महिने थांबते, असंही म्हणणार नाही. ते आईशी बोलणं टाकतील, याची भीती आहे. तरी सांगणार.

वर्षश्राद्धाला पुण्याहून येईन, हा शब्द देते. कुणाला बोलवायचं आणि कुणाला नाही, ते आई ठरवील.

तुमचीच,
तन्वी