नव्याण्णव कोटींची मालकीण नसल्याबाबत

प्रति,
मा. सवलत अधिकारी,
पाळणाघर विभाग, नगर कार्यालय.

विषय : उत्पन्नाचा चुकीचा आकडा दुरुस्त करून मुलीची पाळणाघरातील सवलत पूर्ववत करणेबाबत.
संदर्भ : आपले सवलत रद्द केल्याचे दि. ३ चे पत्र.

महोदय,

गेल्या शनिवारी दुपारी माझी मुलगी मुंगी झोपली, घर अगदी गप्प झाले, आणि दाराखालून पाकीट सरकल्याचा आवाज आला. ते आपले पत्र होते. माझे वार्षिक उत्पन्न नव्याण्णव कोटी नव्याण्णव लाख नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव असल्याने सवलत रद्द झाल्याचे त्यात कळवले आहे. शिवाय पाळणाघराला एक घसरगुंडी देणगी द्याल का, अशी विचारणाही आहे. ती फारच अदबीने केली आहे, त्याबद्दल आभार.

१. चूक माझी आहे. मी सॉफ्टवेअर तपासण्याची नोकरी करते. रकाना दिसला की त्यात मावेल तेवढा मोठा आकडा कोंबायचा आणि तो मोडतो का ते पाहायचे, याचाच मला पगार मिळतो. आपला ऑनलाइन अर्ज भरताना हात सवयीने चालला. रकाना मोडला नाही, आकडा मुकाट गिळून बसला. तेवढ्यात मुलीने कीबोर्डवर दूध सांडले आणि ते पुसता पुसता अर्ज सादर झाला.

२. दुरुस्तीसाठी मी आपल्या कार्यालयात आले होते. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "ताई, आकडा असा खाली येत नाही. पैसे गेले कुठे, त्याचा पुरावा आणा. चोरी, आग किंवा दिवाळं, काहीही चालेल." माझ्याकडे तिन्हींपैकी एकही नाही. मी विचारले, "नव्हतेच, याचा पुरावा चालेल का?" त्या म्हणाल्या, "तसा रकाना नाही."

३. आम्ही मायलेकी दीड खोलीत राहतो. पलंग भिंतीला उभा केला की जेवायला जागा होते. आमच्या कंपनीसारख्या कंपन्या आल्यापासून इथली भाडी आभाळाला भिडली, तेव्हा त्यात थोडी आरोपी मीही आहे. पाळणाघराची पूर्ण फी मला झेपणार नाही. नोकरी सोडून मुलीला घरी सांभाळावे, तर फी भरावी लागत नाही, पण भाडेही निघत नाही. नोकरी सोडून सवलत मागावी, तर ती फक्त नोकरदार आयांना आहे.

४. दादा म्हणतो, "मी भरतो ना, तू कशाला जीव काढतेस?" तो मायेने म्हणतो. पण त्याचे 'मी भरतो' वर्षभरात 'मी सांगतो तसं कर' होते, हे मी जवळून पाहिले आहे. स्वतःच्या दाराची किल्ली स्वतःकडे असावी, एवढ्यासाठी मी या महाग शहरात टिकून आहे.

५. तरी सोमवारपूर्वी आकडा दुरुस्त करावा, ही विनंती. सोमवारी मुलीची जागा दुसऱ्याला जाईल.

आपली नम्र व मुळीच कोट्यधीश नसलेली,
(सही)
मुंगीची आई
दि. ११

सोबत : १) पगारपत्रक. २) भाडेकरार. ३) आपल्या ऑनलाइन अर्जात सापडलेल्या सतरा चुका, विनामूल्य.

ता. क. : मुंगी उठली आहे. कोणाला लिहितेस, म्हणाली. ज्या साहेबांनी हो म्हटलं की तुला पाळणाघरात जाता येईल त्यांना, असे मी सांगितले. तिने थोडा विचार केला आणि विचारले, "मग ते साहेब कामाला गेले की त्यांच्या बाळाजवळ कोण असतं?"