मनश्शेचं आजोळ

दाणाओळी, लष्कर, ग्वाल्हेर
९ नोव्हेंबर २०२४

श्रीमती हन्नाबाई यांस राजलक्ष्मीचा मनापासून नमस्कार, वि. वि.

विहीणबाई, तुमचा चिकाचा हलवा पोचला. डबा उघडता उघडताच अंबरीशने अर्धा फस्त केला. बहिणीच्या सासरचा म्हणजे त्याला हक्काचाच वाटतो. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण माझं कानाचं यंत्र आणि मोबाईल यांचं साताजन्मांचं वैर आहे. अर्धं ऐकायचं, अर्धं मनाने भरायचं, त्यापेक्षा कागद बरा. आणि आज जे लिहायचंय ते घरात मोठ्याने बोलण्यासारखंही नाही.

तुमच्यापासून काय लपवायचं? अवंतिकाने आशेररावांशी लग्न केलं तेव्हापासून आमचे हे तिच्याशी बोललेले नाहीत. पाच वर्षं झाली. दुसऱ्या धर्मातला जावई म्हटल्यावर यांनी जो अबोला धरला तो धरलाच. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आपली रीत, तीही मोडली. तेल-मालीश, शेकशेगडी, रात्रीची जागरणं, सगळं तुम्ही ठाण्याला केलंत. माझ्या लेकीच्या तोंडात डिंकाचा लाडू विहिणीने घालावा आणि आईने इथे नुसतं परेशान होऊन बसावं! रडू येतं हो.

पण बाळाचा फोटो आला नि यांचं काहीतरी हललं. डोळ्यांत मोतीबिंदू, धड दिसत नाही, तरी मोबाईल नाकाला लावून बराच वेळ बघत होते. मग एके दिवशी आपणहून म्हणाले, बारसं इथे करू, घेऊन येऊ दे. मी देवापुढे साखर ठेवली. हे स्वतः बाड्यावरच्या बाजारात जाऊन पाळण्याची चौकशी करून आले. अंबरीशने तिघांची तिकिटंही काढली.

आणि परवा चहाच्या वेळी घात झाला. आशेररावांनी फोनवर अंबरीशला सांगितलं की नाव मनश्शे ठरलंय. आमचं हे ध्यान, अंबरीश, लगेच मोबाईलमध्ये शिरलं, अर्थ शोधला आणि सगळ्यांसमोर वाचून दाखवला. इब्रानी म्हणजे हिब्रू नाव आहे म्हणे, अर्थ ‘विसर पाडणारा’. ज्याने पहिल्यांदा ते मुलाला ठेवलं तो म्हणाला होता, देवाने मला माझ्या सगळ्या कष्टांचा आणि माझ्या बापाच्या घराचा विसर पाडला.

बापाच्या घराचा! यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, जिला घर विसरायचंय तिने या घरी कशाला यायचं, तिकिटं रद्द कर. अंबरीश गयावया करत राहिला, की मैंने तो बस पढ़ा था, पण उपयोग शून्य. तेव्हापासून घरात कुणी कुणाशी बोलत नाही.

नाव अजून कागदावर चढलेलं नाही ना? मग बदला की. तुमच्यात चांगली नावं काय कमी आहेत? तुमच्या मोठ्यांचा मान राखणारं कुठलंही ठेवा. माझ्या लेकीला घरात पाऊल टाकताना एकदा बघू द्या, एवढीच विनवणी आहे.

लोभ आहे तो या गडबडीत आटू देऊ नका.

तुमची,
राजलक्ष्मी


ठाणे
१६ नोव्हेंबर २०२४

सौ. राजलक्ष्मीबाई यांस हन्ना झिराडकरचा स. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि दोनदा हसले, मग नाही हसले. हसले ते तुमच्या ‘परेशान’ला. ग्वाल्हेरचं मराठी म्हणजे पुरणपोळीत चिमूटभर हिंग, पण चालतंय, सवय होईल.

आता नावाचं. विहीणबाई, ते आम्ही ठेवलेलं नाही. मला माझ्या यजमानांचं नाव हवं होतं, अब्राहम. अलिबागकडे झिराडला सगळे त्यांना अबाजी म्हणत. आमच्या बेने इस्रायल ज्यूंची नावं कोकणाने अशीच आपल्या तोंडात बसवून घेतली, एलियाचा एलोजी, इसहाकचा इसाजी. पण मनश्शे मी आमच्या नात्यागोत्यात कधी ऐकला नाही. कारणही आहे. फार पूर्वी या नावाचा एक राजा होऊन गेला, असा दुष्ट की लोकांनी कानाला खडा लावला. माझ्या दिरांनी फोन करून मला झापलं, की सगळी सोडून त्या राजाचं नाव? म्हणजे नाराज आजोबा एकट्या ग्वाल्हेरात नाहीत.

नाव निवडलं अवंतिकाने. शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडे दिवे लागले की मी आशेरच्या डोक्यावर हात ठेवते. चाळिशीला आलाय, पण डोकं माझंच आहे. त्या आशीर्वादात म्हणतात, देव तुला एफ्राईम आणि मनश्शेसारखा करो. तिने विचारलं, हे दोघे कोण? म्हणून मी तिला सांगितलं.

आमच्या धर्मग्रंथातल्या योसेफला त्याच्या भावांनी परमुलखात विकलं. तिथे तो मोठा माणूस झाला, पोरंबाळं झाली. धाकटा एफ्राईम. थोरल्याचं नाव त्याने मनश्शे ठेवलं आणि म्हणाला तेच, जे तुमच्या अंबरीशने वाचलं. गोष्ट ऐकून अवंतिका म्हणाली की हा माणूस खोटं बोलतोय. खरंच विसरला असता तर मुलाला हाक मारताना रोज त्याच घराची आठवण कशाला काढली असती? मी चाळीस वर्षं हा आशीर्वाद म्हणतेय, पण हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. त्या रात्री ती जेवली नाही.

अजून एक सांगते, तिला कळलं तर रागवेल. कळा सुरू झाल्या की बाई आईला हाक मारते. मी मारली, तुम्हीही मारली असेल. तुमच्या लेकीने बापाला मारली. पूर्ण वेळ बाबा, बाबा. नर्स मला विचारत होती, हिचे वडील बाहेर आहेत का, बोलवा त्यांना. 

आणि अंबरीशला म्हणावं, वाचायचं तर पुढचं पण वाच. योसेफच्या म्हाताऱ्या बापाला वाटत होतं की पोरगा मेला. शेवटी भेट झाली तेव्हा त्याच्या डोळ्यांना नीट दिसतही नव्हतं. त्याने दोन्ही नातवांना जवळ ओढलं, मुके घेतले. म्हणाला, तुझं तोंड बघायची आशा सोडली होती मी, आणि देवाने तुझी मुलंसुद्धा दाखवली. मग सांगून टाकलं, परमुलखात जन्मलेली असली तरी ही दोन्ही माझीच. मनश्शे म्हणजे हेही.

नाव बदल असं मी तिला सांगणार नाही. माझी जीभ उचलत नाही. तुमचं पत्र मात्र तिला दाखवलं आहे, ती स्वतः लिहील.

विहिणीविहिणींनी भांडावं अशी जगाची रीत आहे. आपण दोघी मिळून ती मोडू या.

आपली,
हन्ना


ठाणे
१७ नोव्हेंबर २०२४

ती. आईस अवंतिकाचा शि. सा. न.

आई, तू रडत बसू नकोस. बीपी वाढेल, मग अंबरीश मला फोन करून घाबरवेल.

बाळ मजेत आहे. हनुवटी डिट्टो बाबांची, आणि भूक लागली की तस्साच तोंड फिरवून बसतो. मी त्याला म्हणते, अबोला धरायचं खानदानी शिक्षण पोटातच घेतलंस का रे?

नावाबद्दल मी सफाई देणार नाही. एवढंच सांगते, तुमचं घर विसरायचा मी प्रयत्न केला होता. खरंच केला. गणपतीत फोन बंद ठेवला, दिवाळीत गावाला निघून गेले. नाही जमलं. मला या पाच वर्षांचा त्रास विसरायचा होता आणि घर लक्षात ठेवायचं होतं. दोन्ही एका हाकेत बसेल असं हे एकच नाव मला सापडलं.

तरीही बाबांना ते खुपत असेल तर बदलते. कसम से. आशेरशी बोलले आहे, तो तयार आहे. पण निरोप तुझ्याकडून नको, अंबरीशकडून तर अजिबात नको. बाबांनी स्वतः सांगावं. पाच वर्षांत माझ्यासाठी एक वाक्य, बदल म्हणाले तरी चालेल. ते आलं नाही तर मी येणार नाही, आई. पोराला घेऊन बापाच्या दारात गप्प उभं राहायला मला नाही जमणार.

तू काळजी घे आणि अशीच मधे उभी राहा, थकलीस तरी.

तुझी,
अवू


ग्वाल्हेर
२३ नोव्हेंबर २०२४

श्रीमती हन्नाबाई यांस स. न. वि. वि.

दोन्ही पत्रं मिळाली. डोळ्यांमुळे यांना वाचता येत नाही, म्हणून मीच मोठ्याने वाचली. अवूचं आधी, मग तुमचं. कळांची गोष्ट गाळणार होते, पण म्हटलं, का म्हणून गाळू? बाईने सोसायचं आणि पुरुषाने ऐकूसुद्धा नये?

हे भिंतीकडे तोंड करून बसले होते. वाचून झालं तरी तोंड वळवलं नाही. माझा संताप झाला. संसारात पहिल्यांदा यांच्यावर आवाज चढवला, की दगडाला पाझर फुटेल पण तुम्हाला नाही.  तेव्हा म्हणाले, ते म्हाताऱ्याचं परत वाच. मी परत वाचलं. उठून आत गेले आणि अंबरीशकडे जाड शाईचं पेन मागितलं.

सोबतचा बंद लिफाफा त्यांचा आहे. आत काय आहे ते मला दाखवलेलं नाही. पोस्टातही स्वतः टाकणार होते, मी म्हटलं, माझ्याच पाकिटात घाला. विहीणबाई, काय असेल ते तुम्ही तिच्याजवळ बसून वाचून घ्या.

आजवर दिलंत तेवढं प्रेम पुढेही द्या, माझी ओंजळ मोठी आहे.

राजलक्ष्मी


ग्वाल्हेर
२२ नोव्हेंबर २०२४

चि. मनश्शे यास आजोबांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुला वाचता येत नाही आणि मला दिसत नाही. त्यामुळे ओळी वाकड्या येतील. हे पत्र तुझ्या आईकडून वाचून घे. पत्र तुला आहे, तिने मधे बोलायचं नाही.

तिला माझं एक वाक्य हवं आहे असं समजलं. ते असं, नाव बदलायचं नाही. तुझ्या नावाचा राजा वाईट होता म्हणतात. असू दे. आमच्या या लष्कर भागात एकेका नावाचे दहा दहा लोक आहेत, सगळेच कुठे सज्जन आहेत? बारसं इथेच होईल. तुझ्या बापाकडची जी कुणी आत्या असेल ती तुझ्या कानात हेच नाव सांगेल आणि मी शेजारी बसून ऐकेन. कुणी नातेवाईक नाक मुरडू लागला तर त्याचं काय करायचं ते मी बघतो.

इथल्या कंपू भागातल्या डॉक्टरांना भेटून आलो. डोळ्याचं ऑपरेशन बुधवारी आहे. इतकी वर्षं टाळत होतो, बघण्यासारखं काही राहिलं नाही असं वाटायचं.

तिकिटं अंबरीशने रद्द केलीच नव्हती. लबाड आहे तो. स्टेशनवर मी येईन. गर्दीत तुझ्या आईला मी ओळखू येणार नाही, बराच वाळलोय. तेव्हा मीच हाक मारीन.

आता एक काम सांगतो, तुझं नावच त्यासाठी आहे. तिने मारलेल्या हाका मला इथे ऐकू आल्या नाहीत. त्यांचा तिला विसर पाड. या पाच वर्षांचाही पाड, जमेल तेवढा. हे माझ्याने होणार नाही, तुझ्याने होईल. पण घराचा विसर पाडलास तर गाठ माझ्याशी आहे.

तुझा आजोबा,
माधवराव