जॅकेट घातल्याशिवाय बोट सुटणार नाही

प्रिय चिमणे,

परवा फोनवर तू विचारलंस की आई, तुझा आवाज एवढा का बसलाय, आणि मी सर्दी झालीय म्हणून वेळ मारून नेली. सर्दी-बिर्दी काही नाही गं. धक्क्यावर, सगळ्यांच्या देखत, तुझ्या बाबांवर ओरडले, त्याने बसला. आता सगळं सविस्तर लिहिते. चहा घेऊन बस.

बाबांच्या हृदयाचं दुखणं झाल्यावर डॉक्टरांनी त्यांना प्रवासी बोट चालवायला मनाई केली. बोट विकायची आणि आम्ही दोघांनी तुझ्याकडे येऊन राहायचं, हे तू ठरवलंस, बोटीला गिऱ्हाईकही शोधलंस, आणि बाबांनी मान डोलावली. मी डोलावली नव्हती, पण तेव्हा माझ्याकडे कोणी पाहिलंच नाही. एवढी वर्षं मी त्याच बोटीवर तिकिटं फाडली, दोर बांधले, बेटावरच्या शाळेतल्या बाईंना हात धरून उतरवलं. बोट मलाही चालवता येते. पण भाडं घेऊन माणसं न्यायची तर कप्तानाचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते माझ्याकडे नव्हतं. मग मी बाबांना म्हटलं, मला परीक्षा देऊ द्या. पास झाले तर बोट राहील, नापास झाले तर मुकाट्याने सामान बांधीन. ते हसले, पण कबूल झाले. तुला काही कळू दिलं नाही. हसणारं माणूस घरात एक पुरे होतं.

परीक्षा एकच असते असं मला वाटलं होतं. छे! आधी डोळे, कान, छाती तपासून घ्या. मग प्रथमोपचार. तिथे मी रबरी बाहुल्याची छाती एवढ्या जोरात दाबली की शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, अहो, त्याला वाचवायचंय! मग पोहण्याच्या तलावात कपड्यांसकट उडी मारून उलटा पडलेला तराफा सुलटा करायचा. बरोबरची सगळी मंडळी तुझ्याहून लहान. पहिल्या खेपेला तराफा माझ्याच डोक्यावर आला, आणि आतून मी ज्याचा ज्याचा उद्धार केला तो तलावभर ऐकू गेला. वायरलेसच्या वर्गात बोटीचं नाव सांगायच्या ऐवजी मी 'हॅलो, मी बोलतेय' म्हणाले. मास्तरांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, काकू, समुद्रावर प्रत्येक जण 'मी'च असतो.

शेवटी प्रत्यक्ष बोट चालवायची परीक्षा, आपल्याच बोटीवर. परीक्षक ठेंगणे, गंभीर, चेहऱ्यावरची रेषही न हलणारे. बाबा प्रवासी म्हणून बसले. निघण्यापूर्वी कप्तानाने प्रत्येकाला लाइफ जॅकेट घालायला लावायचं, हा नियम. बाबांनी जन्मात ते अंगाला लावलेलं नाही. म्हणाले, मला बुडवायला निघालीस की काय? मी गोडीत सांगून पाहिलं, विनवून पाहिलं. मग मात्र माझं डोकं फिरलं. इंजिन बंद केलं आणि ओरडले की जॅकेट घातल्याशिवाय बोट सुटणार नाही, परीक्षा गेली खड्ड्यात! बाबा ताडकन उठले आणि उतरून चालू लागले. मला रडूच कोसळणार होतं. पण दोर सोडला आणि निघाले.

मध्यावर परीक्षकांनी 'माणूस पडला' म्हणत एक बाहुला पाण्यात फेकला. वाऱ्याचा अंदाज घेत वळसा घालून मी हळूहळू त्याच्यापाशी बोट नेली. कप्तान पडला तर इंजिन आपोआप बंद व्हावं म्हणून त्याच्या पायाला एक दोरी अडकवलेली असते. बाबा ती कायम स्टिअरिंगला टांगून ठेवायचे. माझ्या पायाला ती आहे हे मी साफ विसरले आणि बाहुला ओढायला धावले. दोरी ताणली गेली, इंजिन गप्प! झालं, आता गाशा गुंडाळायचा, असं वाटलं. पण परीक्षक पहिल्यांदाच हसले. म्हणाले, पाण्यातला माणूस बोटीच्या पंख्याजवळ असताना इंजिन बंदच हवं. तुम्ही पायाने केलंत, पुढच्या वेळी हाताने करा.

परत आले तर धक्क्याच्या टोकाला बाबा. अंगात जॅकेट, पट्टे उलटसुलट, गळ्याशी आवळलेलं. म्हणाले, एखादी फेरी राहिली असेल तर मी येतो. काहीच राहिलं नव्हतं, तरी मी त्यांना फिरवून आणलं. ते सारखे त्या दोरीकडे बघत होते. उतरताना हळूच म्हणाले, एवढ्या वर्षांत मी कधी पडलो असतो तर भरलेल्या बोटीत तू एकटीने काय केलं असतंस? मी म्हटलं, तुमचा उद्धार. खूप दिवसांनी दोघं पोटभर हसलो.

चिमणे, मी पास झाले, म्हणजे आम्ही तुझ्याकडे राहायला येत नाही. तू आमच्यासाठी खोली रंगवलीस, बाबांची खुर्ची खिडकीपाशी मांडलीस, जावईबापूंनी कपाट करून घेतलं, आणि ते सगळं आठवलं की माझा जीव तुटतो. म्हणून फोन न करता हे लिहितेय. फोनवर तू नुसतं 'आई' म्हणाली असतीस, तरी मी 'येते गं बाई' म्हणून मोकळी झाले असते. रागाव, रड, हवं तर चार दिवस बोलू नकोस, पण बोट घेणाऱ्या त्या गृहस्थांना नाही म्हणून कळव. माझी तुझ्यावरची माया तसूभरही कमी नाही. पण सगळे मला आता विसावा घे म्हणतात, आणि माझी तर आत्ता कुठे सुरुवात झालीय गं.

तुझीच,
आई