दाढेचं निमित्त

शनिवार, २१ जानेवारी १९९५
निमगाव केतकी

सकाळची शाळा सुटल्यावर एस.टी.नं बारामतीला गेलो. घरी सुमनला सांगितलं, दाढ दुखतेय. खरं म्हणजे दोन महिने धड झोप नाही, फळ्यावर अर्धं वाक्य लिहून पुढचं विसरतो. मानसोपचाराचे डॉक्टर वरच्या मजल्यावर, खाली दातांचा दवाखाना. कुणी ओळखीचं भेटलंच तर, म्हणून वर नाव नोंदवून मी खालच्याच बाकावर बसलो, गालाला रुमाल लावून. चाळिशीतला मास्तर मी, आणि ही सोंगं!

तर शेजारी आमच्याच गावचे शंकरतात्या येऊन टेकले. दाढ दाखवायला आलोय, म्हणालो. तेवढ्यात वरच्या कंपाउंडरनं जिन्यातून माझं नाव पुकारलं. रुमाल तसाच गालावर राहिला.

तात्या म्हणाले, "जावा गुरुजी. तुमच्या मागं माझाच नंबर हाय. घरी मीबी दातच सांगतो, तीन वर्सं झाली." आणि हसले. तोंडात एकही दात नाही!

डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. गोळ्या दिल्यात, पंधरा दिवसांनी परत बोलावलंय.

घरी आलो तर सुमननं मऊ भात करून ठेवलेला. माझ्या दाढेसाठी. दोन घास खाल्ले. खिशातला रुमाल काढून ठेवला आणि तिला सगळं सांगून टाकलं. कशाला इतके दिवस लपवलं मी?

तिनं माझ्यापुढची ताटली उचलली आणि म्हणाली, "मग भाकरी चालंल की तुमाला. थापते."