मेंढराच्या वासाची टोपी

प्रिय चंदना,

"माये, तुझ्या टोपीला मेंढराचा वास येतोय गं." सांगलीच्या हॉस्टेलातल्या पहिल्या थंडीत तू हसत म्हणाली होतीस. सगळ्या खोलीनं ऐकलं आणि मी घाईनं सांगून टाकलं, की जतच्या स्टँडवर घेतलीय. तुझ्या लक्षातही नसेल. परवा फोनवर तू म्हणालीस, तुझा सम्मेद नोकरीला लेहला निघालाय, त्याच्यासाठी हातानं केलेली लोकरीची चांगली टोपी कशी ओळखायची ते सांग. तेव्हा मला आधी तेच वाक्य आठवलं.

तर ऐक. टोपी मुठीत चुरगाळ आणि सोड. चांगली असेल तर आपोआप फुलून येते. उजेडाकडे धरून बघ, कुठं विरळ दिसता कामा नये. आतून बोटं फिरव. शिवण लागली तर ती आमच्या पद्धतीची नव्हे. आई पालथ्या कळशीच्या बुडावर पिंजलेल्या लोकरीचे थर रचते, कोमट पाणी शिंपडते आणि दुपारभर तळहातांनी मळत बसते. लोकरच लोकरीत गुंतते, सुईदोऱ्याचं काम नाही. काळी टोपी ओल्या पांढऱ्या रुमालानं पूस. काळ्या मेंढीची असेल तर रुमाल पांढराच राहतो. एक तंतू जाळून बघ: केस जळाल्यासारखा वास आला तर लोकर, वितळून गोळी झाली तर प्लॅस्टिक. आणि फार मऊ शोधू नकोस. आमची लोकर आठेक दिवस कपाळाला टोचते, मग तिची सवय होते. लोकर कातरताना मेंढीला दुखत नाही ना, असंही तू विचारलंस. आईला सांगितलं, तर म्हणाली, "चंदनाला म्हणावं, तुजं केस कापल्यावर तुला दुखतं व्हय?"

आई, आमची रंगुबाई, बहात्तरची झाली. गेल्या महिन्यात साताऱ्याला बचत गटांचं प्रदर्शन होतं, तिथं चाळीस टोप्या घेऊन आम्ही गेलो. निघतानाच तिनं बजावलं होतं, ह्या खपल्या नाहीत तर टोप्या बंद, कळशी परत पाण्याला. दोन दिवस एकही गेली नाही. शेजारी रंगीत, गुळगुळीत, मशिनच्या टोप्या होत्या, गर्दी तिकडंच. तिसऱ्या दिवशी एक बाई थांबल्या, टोपी नाकाशी नेली आणि वास येतोय म्हणून खाली ठेवली. चंदना, या वयातही माझे कान तापले. आई मात्र शांतपणे म्हणाली, "आवं बाई, मेंढराच्या टोपीला मेंढराचा न्हाई तर काय मांजराचा वास यील?" लोक हसले, थांबले. तिनं टोपी उलटी धरून तिच्यात पेलाभर पाणी ओतलं आणि सगळ्यांसमोर फिरवलं. खालून थेंब नाही.

मग तिनं पिशवीतून नारळाएवढं काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. "ही बी टोपीच हाय. माज्या लेकीनं हॉस्टेलात उकळली. अस्सल हुती म्हणून आटली."

मी ती लगेच ओळखली. तुझ्या त्या वाक्यानंतर मी कॉइल लावून बादलीभर पाणी उकळलं, साबणाचा चुरा टाकला आणि टोपी बुडवली. वास गेला नाही, टोपी मात्र आटली. आईला सांगितलं, चोरीला गेली. सुट्टीत ती माझ्या ट्रंकेच्या तळाशी तिला सापडली असणार. इतकी वर्षं तिनं ती जपली आणि अवाक्षर काढलं नाही.

संध्याकाळपर्यंत चाळीसच्या चाळीस गेल्या. त्या बाईंनी दोन नेल्या. शेवटची शेजारच्या मशिनवाल्यानं घेतली, स्वतःला घालायला. परतताना एसटीत आई रिकामं गाठोडं मांडीवर घेऊन सोलापूरच्या, पुण्याच्या प्रदर्शनांच्या तारखा मला विचारत होती. कळशी आता पाण्याला जात नाही.

येत्या रविवारी आम्ही सांगलीत प्रदर्शनाला आहोत. सम्मेदची टोपी मी बाजूला ठेवणार नाही, तू येऊन निवड. आणि एक मागणं आहे, त्यासाठीच हे पत्र. आईला वाटतं, पोरीनं न कळून उकळली. मी तिची टोपी स्टँडवरची म्हणून सांगितली, हे तिला माहीत नाही. तू टोपी नाकाशी धर आणि तिच्यासमोर तेच वाक्य पुन्हा म्हण, तसंच, सगळ्यांना ऐकू जाईल असं. या वेळी मला उत्तर नीट द्यायचंय. वेड लागलंय का, म्हणशील. माझ्या तोंडून ते निघायचं नाही, म्हणशील. ठाऊक आहे. तरी म्हण.

तुझी, आणि रंगुबाईची,
माया