उजवीकडे सरकलेली गायिका

प्रिय दादा,

अक्षर वाकडंतिकडं आलंय, चालवून घे. पाकिटावर माझं नाव बघून हे पत्र न फोडता खणात टाकायचा तुझा बेत असेल, तर कृपा करून टाकू नकोस. भांडायला लिहिलेलं नाही. खरं सांगायचं तर परवा सकाळी अकरापर्यंत भांडायलाच लिहिणार होते.

आपल्या दुकानातून मी निघाले त्याला तीन वर्षं झाली. तीन गल्ल्या सोडून माझं टेबल मांडलं, मीटर मांडलं, माइक मांडला. तुझ्या दारावर मात्र तीच पाटी, 'येथे यंत्रे कानाने तपासली जातात'. मी निघाले त्या दिवशी चार गिऱ्हाइकांसमोर तू म्हणाला होतास, "तुझ्या त्या डबड्याने माझा कान एकदा तरी खोटा ठरवून दाखव, मी स्वतः शिडी लावून पाटी उतरवतो." तू बोलून मोकळा झालास. मी ते वाक्य तीन वर्षं उशाला घेऊन झोपले.

मग तुझीच गिऱ्हाइकं माझ्याकडे येऊ लागली. चोरासारखी यायची बिचारी. तू बनवलेले स्पीकर चादरीत गुंडाळून आणायची आणि आधी वचन घ्यायची की दादांना कळता कामा नये. तक्रार सगळ्यांची एकच: गाणं लावलं की गायिका दोन स्पीकरांच्या मधोमध उभी राहत नाही, उजवीकडे सरकते. गणिताच्या मास्तरांनी ते फार सभ्यपणे सांगितलं. बेकरीवाला म्हणाला, "ताई, बाई माझ्या खिडकीत जाऊन गाते हो." ते तुझ्याकडे गेले तेव्हा तू त्यांना कान साफ करून यायला सांगितलंस म्हणे. ते ऐकून मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. लपवत नाही.

एकेक करत तुझ्या नऊ जोड्या मी मोजल्या. प्रत्येकीचे आलेख काढले, वर्षांप्रमाणे लावले आणि कामाच्या टेबलावर पसरले. डाव्या स्पीकरची रेष सगळीकडे सरळ, आखल्यासारखी. मी मीटर लावून आठवडाभर खपले असते तरी इतकी सरळ आली नसती, आणि ते बघून माझा जळफळाट झाला. उजवीकडे मात्र गंमत होती. पाच वर्षांपूर्वीच्या जोडीत टिपेचे सूर जरासे चढे. पुढच्या वर्षी आणखी थोडे. यंदाच्या जोडीत तर रेष शेवटाला उभा जिना चढते. मी म्हटलं, साहेब आळशी झाले, डावीकडे जीव ओततात आणि उजवीकडे पाट्या टाकतात. सगळे कागद पाकिटात घालून तुला पाठवायचे ठरवले. पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहूनही ठेवलं होतं, 'शिडी सापडली का?'

परवा अकराला कानाच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांचा रेकॉर्ड प्लेयर माझ्याकडे दुरुस्तीला होता. मी तो खोक्यात भरत होते, तेवढ्यात त्यांनी टेबलावरचा 'डावा-उजवा' लिहिलेला एक कागद उचलला, वरची कड खाली येईल असा पालथा करून उजेडात धरला आणि विचारलं, "हा पेशंट कोण? उजवा कान बराच गेलाय." मी हसले. म्हटलं, अहो, तो पेशंट नाही, स्पीकर आहे. त्या हसल्या नाहीत. त्यांच्याकडे कान तपासल्यावर कागदावर रेष अशीच येते, फक्त वर जायच्या ऐवजी खाली. मग त्यांनी विचारलं की हे स्पीकर बनवणारा आवाज जुळवतो कसा. मी सांगायला लागले: डावा स्पीकर डाव्या कानाने, उजव्यात बोट घालून. उजवा उजव्या कानाने, डाव्यात बोट घालून. बाबांनी घालून दिलेली रीत. सांगता सांगता मीही एक आलेख तसाच पालथा करून उजेडात धरला. तुझ्या कानाला जेवढं कमी ऐकू येत होतं, तेवढंच तू वाढवून ठेवत होतास. दर वर्षी, न चुकता, अगदी मापात. मी स्पीकर मोजतच नव्हते रे दादा. मी तुझा कान मोजत होते, आणि तो ढासळताना बघून खूश होत होते.

मी तिथेच स्टुलावर बसले. त्या खोकं घेऊन गेल्या तेव्हा दार लावायलाही उठले नाही.

तेव्हापासून एकेक आठवतंय. बाबा आपल्याला भिंतीकडे तोंड करून उभं करायचे आणि मागे स्क्रू टाकायचे. तू न वळता बोट दाखवायचास आणि मी फूटपट्टी घेऊन धावायचे, किती इंच चुकलं ते बघायला. कधी चुकलंच नाही. म्हणून तर मला फूटपट्टी नाव पडलं. आणि भांडणाच्या त्या दिवशी आठवतंय? तुझ्या हातून स्क्रू निसटला, उजवीकडच्या कपाटाखाली गेला. मी ऐकला. तू डावीकडे गुडघ्यांवर बसून चाचपत राहिलास. मी हसले, म्हटलं, काय हे कानसेन! तू लालबुंद झालास, आणि मग त्या नव्या अ‍ॅम्प्लिफायरमधल्या शिट्टीवरून जुंपली. तुला बारीक शिट्टी ऐकू येत होती, माझ्या मीटरला काहीच सापडत नव्हतं. मी ओरडले, "शिट्टी यंत्रात नाही, तुझ्या कानात आहे!" मी बोलले, दादा. अगदी बरोबर तेच बोलले. आणि पिशवी उचलून निघून गेले. माझ्यासारखी मूर्ख मीच.

काल डॉक्टरीणबाईंकडे जाऊन शिट्टीचंही सांगितलं. त्या म्हणाल्या, दोन्ही कान सारखे उतरले असते तर वय म्हटलं असतं. एकाच बाजूचा असा वर्षागणिक उतरतो, शिट्टी वाजते, तेव्हा डोक्याचा आतून फोटो काढल्याशिवाय गप्प बसायचं नाही. कधी काहीच निघत नाही. कधी नसेवर गाठ असते, आणि ती वेळेत सापडली तर इलाज आहे. पुढचं विचारायची माझी हिंमत झाली नाही. फोनवर सांगितलं असतं तर तू अर्धं ऐकून ठेवून दिला असतास, म्हणून हे पत्र उद्या सकाळी तुझ्या दाराखालून मीच सरकवणार आहे. वहिनीला अजून काही सांगितलेलं नाही, ते तू सांग. डॉक्टरीणबाईंची मंगळवारी दहाची वेळ तुझ्या नावाने घेतली आहे. नऊ आलेख सोबत आहेत, ते आण, त्यांना बघायचे आहेत. पाटी राहू दे जागेवर. त्या डाव्या रेषेपुढे मी हरले आहे, हे चार गिऱ्हाइकांसमोर सांगायला तयार आहे. राग आला असेल तर वाटेत एक शब्द बोलू नकोस, पण ये. साडेनऊला मी तुझ्या दाराशी असेन आणि तिथपर्यंत तुझ्या डाव्या बाजूने चालेन.

तुझीच, अजूनही इंच मोजणारी,
फूटपट्टी